बाटलीच्या आधी वजनकाटा द्या : शेळ्यांच्या जंतनाशक मोहिमेबद्दल खुले पत्र

प्रति,
सर्व जिल्ह्यांचे पशुसंवर्धन उपायुक्त, जिल्हा परिषदांचे पशुसंवर्धन अधिकारी आणि तालुक्यांचे पशुधन विकास अधिकारी,
महाराष्ट्र राज्य

विषय : पावसाळ्याआधी शेळ्यांना जंताचे औषध पाजण्याची पद्धत

महोदय,

मोहीम कशी चालते ते आपल्याला आमच्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. उन्हाळ्याच्या शेवटी बाटल्या येतात, गावच्या ग्रुपवर निरोप जातो, सकाळी समाजमंदिरापुढे शेळ्या जमतात. एक जण मान धरतो, दुसरा सिरिंज भरतो. मोठी असो की लहान, प्रत्येकीला पाच मिली. दुपारपर्यंत दोनशे-अडीचशे शेळ्या उरकतात, नोंदवहीत आकडा चढतो. मग श्रावण-भाद्रपदात त्यांतल्याच काही शेळ्यांच्या जबड्याखाली पाण्याची पिशवी लोंबते, त्या बसतात आणि उठत नाहीत. गाव म्हणते औषध बोगस होते, आणि दुकानदार त्याहून भारी बाटली काढून देतो.

मोहीम बंद करा असे आमचे म्हणणे नाही. किती पाजायचे ते वजनावर ठरावे, कोणाला पाजायचे ते डोळ्याची पापणी उलटून ठरावे आणि कोणते औषध पाजायचे ते लेंडीच्या तपासणीवर ठरावे, एवढेच मागणे आहे. २०१९ च्या पशुगणनेत राज्यात सुमारे १ कोटी ६ लाख शेळ्या होत्या. त्यांतल्या बहुतेक पाच-दहाच्या कळपात, अल्पभूधारकांकडे आणि मजुरांकडे आहेत. तिथे दोन शेळ्या मेल्या तर त्या वर्षीचे गणित मोडते.

आपल्याकडे शेळ्या मारणारा मुख्य जंत हिमोंकस. जनावर उघडले तर चौथ्या पोटाच्या आतल्या पडद्याला दोन-तीन सेंटिमीटरचे दोरे चिकटलेले दिसतात. मादीच्या अंगात लाल आतडे आणि पांढरे अंडाशय एकमेकांभोवती पीळ घालून असतात. हा जंत रक्तावर जगतो. एक जंत दिवसाला साधारण ०.०५ मिली रक्त घालवतो. पोटात हजार जंत असले, आणि पावसाळ्यात ते सहज असतात, तर रोज ५० मिली. पंचवीस किलोच्या शेळीच्या अंगात रक्त असते पावणेदोन लिटरच्या आसपास, म्हणजे आठवड्याला पाचवा हिस्सा गेला. खुराक चांगला असेल तर काही दिवस शरीर भरून काढते. मग एकाएकी कोसळते आणि ‘काल तर चरत होती’ असे ऐकू येते.

या जंताने हगवण बहुधा लागत नाही, लेंडी घट्टच राहते. त्यामुळे ‘पातळ होत नाही, म्हणजे जंत नाहीत’ हा समज फार महागात पडतो. खरी खूण फिकेपणाची. पापणीच्या आत, हिरडीवर, मादीच्या योनीच्या कडेला लाली उरत नाही. शेळी कळपाच्या मागे पडते, चढावर थांबते. दूध आटते. जबड्याखालची सूज संध्याकाळी ठळक असते, कारण दिवसभर मान खाली घालून चरल्याने पाणी तिथे उतरते. सकाळी बघाल तर निम्मी ओसरलेली. दवाखान्याची वेळ सकाळची, आणि डॉक्टरांना सूज दिसत नाही ती यामुळेच. मालक संध्याकाळची सूज सांगत असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवावा.

आता मोहिमेच्या वेळेबद्दल. या पत्रातला हा भाग सर्वांत वादाचा आहे याची जाणीव आहे.

हिमोंकसची एक मादी दिवसाला पाच ते दहा हजार अंडी घालते. ती लेंडीतून जमिनीवर येतात. ऊब आणि ओल मिळाली तर पाच-सात दिवसांत त्यांतून लागण करणारी अळी तयार होते आणि गवताच्या पात्यावरच्या पाण्याच्या थरातून वर सरकते. शेळीने ते पाते खाल्ले की सुमारे तीन आठवड्यांत नवी मादी अंडी घालू लागते. मेमध्ये मराठवाडा-विदर्भाचे कोरडे रान पाहा. पारा चाळिसाच्या वर, मातीत ओल नाही. बाहेरची अंडी आणि अळ्या बहुतेक मेलेल्या. त्या वेळी गावातला जवळजवळ सगळा जंत शेळ्यांच्या पोटात असतो. नेमके तेव्हाच झाडून सगळ्या शेळ्यांना एकच औषध दिले तर वाचतात फक्त ते जंत, ज्यांना ते औषध लागू पडत नाही. पाऊस पडल्यावर कुरणात उतरणारी पिढी त्यांचीच. त्यांच्यात मिसळून त्यांची टक्केवारी कमी करायला साधे, औषधाला बळी पडणारे जंत उरलेले नसतात. दरवर्षी हेच केले की पाच-सहा वर्षांत ते औषध पाण्यासारखे होते. अल्बेंडाझोल या नेहमीच्या जंतनाशकाच्या गटाला दाद न देणारे जंत देशातल्या अनेक राज्यांत शेळ्या-मेंढ्यांमध्ये नोंदले गेले आहेत.

पावसाआधी पाजण्यात फायदा आहे हेही खरे. सुरुवातीलाच अंडी कमी पडली तर कुरण उशिरा दूषित होते. म्हणून मधला रस्ता असा : धट्टीकट्टी, अंगाने भरलेली, लाल पापणीची मोठी जनावरे त्या फेरीतून वगळा. दर दहांत किमान एक-दोन तरी बिनऔषधाची ठेवा. कळपातले बहुतेक जंत थोड्याच जनावरांच्या पोटात असतात, साधारण पाचव्या हिश्श्याच्या. औषधाचा खरा उपयोग त्यांच्यावर. ‘शंभर टक्के शेळ्यांना औषध’ हे उद्दिष्ट लसीकरणासाठी योग्य, जंतासाठी घातक. दोन्ही कामे एकाच नोंदवहीत, एकाच रकान्यात मोजली जातात तिथून गोंधळ सुरू होतो.

आणि मेमधल्या औषधाने ऑगस्टची हमी मिळत नाही. अल्बेंडाझोल, फेनबेंडाझोल पोटातल्या त्या दिवसाच्या जंतांवर काम करतात. पुढच्या आठवड्यात खाल्लेल्या अळीशी त्यांचा संबंध नाही. पहिला पाऊस मृगात धरला तर कुरणातली अळी आषाढात वाढते आणि शेळीच्या अंगावर तिचा परिणाम श्रावणापासून भाद्रपदापर्यंत दिसतो. पशुसखीची, म्हणजे गावातच जनावरांची प्राथमिक देखभाल करणाऱ्या ताईची, फेरी त्या महिन्यांत हवी, दर दोन आठवड्यांनी. नेमकी तेव्हाच ती नसते.

आता पाच मिलीचा हिशोब. अल्बेंडाझोलचे नेहमीचे द्रावण अडीच टक्क्यांचे, म्हणजे एका मिलीत २५ मिलिग्रॅम. पाच मिलीत १२५. अनेक बाटल्यांवर शेळी आणि मेंढी एकाच ओळीत छापलेली असते आणि मात्रा मेंढीची. शेळीचे यकृत ही औषधे मेंढीपेक्षा लवकर निकालात काढते. रक्तात औषध कमी वेळ राहते. म्हणून शेळीला अल्बेंडाझोल किलोमागे १० मिलिग्रॅम धरतात, म्हणजे दर दहा किलोला चार मिली. पाच मिली पुरते साडेबारा किलोच्या करडाला. बत्तीस किलोच्या उस्मानाबादी शेळीला लागतात जवळजवळ तेरा मिली. पाच मिलीत तिला किलोमागे चार मिलिग्रॅमही मिळत नाही. एवढ्या औषधाने कमजोर जंत मरतात, दांडगे उरतात.

मोठ्या जनावरांची दीड ग्रॅमची गोळी मोडून पाच-सहा शेळ्यांत वाटण्याची पद्धतही बंद व्हायला हवी. तुकडे सारखे पडत नाहीत आणि चुरा खिशातच राहतो.

वजनाला खर्च फार नाही. पन्नास किलोचा लटकता काटा, गोणपाटाला चार पायांसाठी चार भोके पाडून केलेली झोळी आणि छताच्या वाशाला एक कडी; दोन माणसांत एका शेळीला मिनिटसुद्धा लागत नाही. काटा नसेल तिथे शिंप्याचा टेप चालतो. पुढच्या पायांच्या लगेच मागे छातीचा घेर घ्या, टेप अंगाला लागेल इतका, आवळायचा नाही. खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंत लांबी घ्या. दोन्ही इंचांत. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ६६०, उत्तर किलोत. घेर २७ आणि लांबी २५ असेल तर साधारण साडेसत्तावीस किलो, म्हणजे अकरा मिली. शेळी गाभण असेल किंवा नुकतीच पोटभर चरून आली असेल तर अंदाज थोडा वर जातो. या औषधांत तेवढे चालते.

‘या औषधांत’ असे मुद्दाम लिहिले आहे. क्लोसँटेलमध्ये चालत नाही. हिमोंकसवर ते उत्तम आहे, अंगात काही आठवडे टिकते, आणि अल्बेंडाझोल निकामी झालेल्या गावात आधाराला तेच उरते. पण त्याची मात्रा किलोमागे १० मिलिग्रॅम, आणि बाजारात १५ टक्क्यांचे द्रावण मिळते : एका मिलीत १५० मिलिग्रॅम, म्हणजे पंधरा किलोला फक्त एक मिली. हाताला पाच मिलीची सवय लागलेल्या माणसाने ते पंधरा किलोच्या करडाला पाजले तर पाचपट गेले. जास्त मात्रेने शेळी आंधळी होते. बाहुली मोठी होते, उजेडात आकसत नाही, शेळी खांबाला धडकते, आणि गेलेली दृष्टी बहुधा परत येत नाही. ‘शेळीला दुप्पट द्यावे लागते’ हे अर्धवट ऐकलेले वाक्य क्लोसँटेलला लावणे सर्वांत धोक्याचे. गटातल्या सर्वांत जड शेळीच्या वजनाने सगळ्यांना पाजायची युक्ती अल्बेंडाझोल-फेनबेंडाझोलपुरतीच. क्लोसँटेल आणि लेव्हामिसोल प्रत्येकीच्या वजनाने.

लेव्हामिसोलचे वेगळे दुखणे. शेळीला ते मेंढीच्या साडेसातऐवजी १२ मिलिग्रॅमपर्यंत द्यावे लागते, पण गुण येणारी मात्रा आणि बाधणारी मात्रा यांत अंतर फार कमी. जास्त झाले की तासाभरात लाळ गळते, अंग थरथरते, सारखी लघवी होते, पाय लुळे पडतात. अशक्त शेळीला ते देऊ नये आणि टोचू तर मुळीच नये. अनेक बाटल्यांत ते ऑक्सिक्लोझानाइड या दुसऱ्या जंतनाशकाबरोबर असते आणि वरच्या मोठ्या अक्षरातल्या नावावरून आत काय आहे कळत नाही.

बाटलीवरचे बारीक अक्षर वाचण्याचा आग्रह आणखी एका कारणासाठी. औषध ‘बदलून’ दिले असे सांगितले जाते तेव्हा अनेकदा बदललेले असते फक्त नाव. अल्बेंडाझोल, फेनबेंडाझोल, ऑक्सफेंडाझोल हे एकाच गटातले. एकाला न जुमानणारा जंत बहुधा तिघांनाही जुमानत नाही. आयव्हरमेक्टिनचा गट वेगळा, पण ते गोचीड, खरूज, उवांसाठी वर्षभर टोचले जाते आणि प्रत्येक सुईबरोबर पोटातल्या जंतांचीही निवड होते. नोंदवहीत ती सुई ‘गोचीड’ या सदरात जाते. जंतासाठी आयव्हरमेक्टिन वापरायचेच तर शेळीला तोंडाने, किलोमागे ०.४ मिलिग्रॅम, ते टोचण्यापेक्षा बरे; टोचलेले औषध अंगात कमी प्रमाणात बराच काळ रेंगाळते आणि जंताला सवय लावते.

गाभण शेळ्यांबद्दल मोहिमेत साधी विचारणाही होत नाही. गर्भाच्या पहिल्या महिन्यात अल्बेंडाझोल देऊ नये, पिल्लात व्यंग येण्याची किंवा गर्भ जाण्याची भीती असते. बोकड कळपातच फिरतो तिथे कोणती शेळी किती दिवसांची गाभण आहे हे मालकालाही सांगता येत नाही. अशा कळपासाठी फेनबेंडाझोल घ्या, मात्रा किलोमागे १० मिलिग्रॅम. द्रावणे वेगवेगळ्या टक्क्यांची येतात, तेव्हा मिली बाटली पाहून काढा. व्यायच्या आधी दोन आठवड्यांपासून व्याल्यानंतर दीड-दोन महिने शेळीची जंताविरुद्धची ताकद कमी होते, ती जास्त अंडी टाकते आणि शेजारी चरायला शिकणारे करडू त्यांतून निघालेली अळी उचलते. औषधाची खरी गरज असलेला गट हाच. वेताच्या जवळची शेळी धावपळ करून पकडू नका, उपाशी ठेवू नका.

विक्रीच्या बोकडांचेही पाहावे. सध्या काही वर्षे बकरी ईद मे-जूनमध्येच येते, म्हणजे ऐन मोहिमेच्या तोंडावर. औषध दिल्यापासून कापण्यापर्यंत किती दिवस जावे लागतात ते लेबलवर असते. क्लोसँटेल आणि टोचलेले आयव्हरमेक्टिन यांचे दिवस बरेच जास्त. ईदचे बोकड वेगळे उभे करा, एवढी सूचना आदेशात घालता येईल. घरी दूध पिणाऱ्यांनाही तेच सांगायला हवे.

पशुसखी ताईंनो, पाजण्याचे काम शेवटी तुमच्या हातून होते, म्हणून इथून पुढचे थोडे तुमच्याशी.

बाटली हलवल्याशिवाय सिरिंज बुडवू नका. अल्बेंडाझोल तळाशी बसते. सकाळी आलेल्या पहिल्या वीस शेळ्यांना वरचे पाणी आणि शेवटच्या पाचांना घट्ट गाळ, असे होते. दर आठ-दहा शेळ्यांनंतर पुन्हा हलवा. औषध पाजायची गन असेल तर काम सुरू करण्याआधी तिचे माप तपासा : आठ मिलीवर लावून दहा दाब मापाच्या भांड्यात सोडा, ऐंशी मिली यायला हवे. वॉशर झिजलेली गन सत्तरवर थांबते.

शेळीचे तोंड आभाळाकडे करू नका. जबडा जमिनीला समांतर किंवा किंचित वर, बस्स. मान उंच ताणली की औषध श्वासनलिकेत जाते. लगेच ठसका लागतो आणि तीन-चार दिवसांनी न्यूमोनिया. सुई काढलेली सिरिंज गालाच्या कोपऱ्यातून, दात नसलेल्या जागेतून घाला आणि औषध जिभेच्या मुळावर, मागे सोडा. पुढे, जिभेच्या टोकावर सोडले तर शेळी ते चघळते, थुंकते; शिवाय पिल्लू दूध पिताना होते तशी पोटातली पन्हळ मिटून तिची नळी होते, औषध पहिले मोठे पोट चुकवून थेट चौथ्यात जाते आणि लवकर बाहेर पडते. मोठ्या पोटात पडलेले औषध हळूहळू झिरपत राहते, काम तिथे होते. याच कारणाने अल्बेंडाझोल-फेनबेंडाझोल पाजण्याआधी रात्रभर चारा बंद ठेवला तर गुण वाढतो; पोटातला माल सावकाश सरकतो. पाणी बंद करायचे नाही. अशक्त शेळी, दुधावरचे करडू आणि शेवटच्या महिन्यातली गाभण यांना उपास नाही. बांबूच्या नळकांड्याने पाजू नका, त्यात माप राहत नाही.

पापणी बघायची रीत. दक्षिण आफ्रिकेत १९९० च्या दशकात फामाचा नावाचा पाच रंगांचा तक्ता तयार झाला, तिथले पशुवैद्य डॉ. फाफा मलान यांच्या नावावरून. लालभडक म्हणजे एक, पांढरीफटक म्हणजे पाच. शेळी सावलीत नाही, दिवसाच्या उघड्या उजेडात उभी करा. एका अंगठ्याने वरची पापणी मिटवून डोळा हलकेच आत दाबा, दुसऱ्या अंगठ्याने खालची पापणी खाली ओढा. आतला पडदा उमलून वर येतो. रंग पहिल्या एक-दोन सेकंदांत ठरवा, जास्त वेळ धरलात तर रक्त उतरून तो लाल दिसू लागतो. दोन्ही डोळे पाहा, फिका असेल तो धरा. तीन की चार असा घोळ झाला तर चार. एक-दोनला औषध नाही. चार-पाचला लगेच. तीनला करडू, गाभण, नुकती व्यालेली किंवा पाठीच्या कण्यावर हात फिरवल्यावर हाड टोचत असेल अशी शेळी असल्यासच. मोबाइलवरचा तक्ता वापरू नका, प्रत्येक पडद्यावर लाल वेगळा दिसतो. छापील तक्ताही उन्हाने विटतो, दर वर्षी नवा मागा. धुळीने किंवा डोळे आल्याने लाल झालेला डोळा फसवतो, तेव्हा हिरडीही पाहा.

पाच क्रमांकाच्या शेळीमागे धावू नका. तिच्या रक्तात प्राणवायू वाहायलाच फारसे काही उरलेले नसते. पकडताना पडून मेलेल्या शेळीचा दोष मग औषधावर येतो. दावणीला, सावलीत, हळू पाजा. आठवडाभर रानात पाठवू नका. शेंगदाण्याची पेंड, शेवरी, सुबाभूळ, हादगा द्या. जंत मेला तरी रक्त भरायला खाणे लागते. दहाव्या-बाराव्या दिवशी पापणी पुन्हा पाहा. रंग अजिबात सुधारला नसेल तर डॉक्टरांना बोलवा, १९६२ वर फोन करा. सगळा फिकेपणा हिमोंकसचा नसतो. उवा, गोचीड आणि गोचिडांमुळे होणारे रक्तातले आजारही पापणी पांढरी करतात.

महोदय, पुन्हा आपल्याकडे. ‘जंताचे औषध’ या एका नावाखाली ज्यांना ते लागूच पडत नाही असे आजारही ढकलले जातात. तीन आठवडे ते पाच महिन्यांच्या करडांची घाण वासाची, कधी रक्ताची हगवण बहुतेक वेळा कॉक्सिडियाची असते. तो जंतच नव्हे, एकपेशीय जीव; अल्बेंडाझोलचा त्यावर उपयोग नाही. अँप्रोलियम किंवा सल्फा गटाचे औषध डॉक्टरांच्या मात्रेने पाच दिवस, आणि गोठ्यातली ओल काढणे, हा उपाय. दवाखान्यात करडू आणले की बाटली हातात देण्याआधी वय विचारावे. उलट, लेंडीवर तांदळाच्या दाण्यासारखे तुकडे वळवळताना दिसले की सगळे घाबरतात. तो पट्टकृमी, मोठ्या शेळीत त्याचा त्रास सर्वांत कमी. दिसतो म्हणून बदनाम. भंडारा, गोंदिया, गडचिरोलीची भातखाचरे, कोकण, धरणाच्या फुगवट्याचे काठ आणि गळके कालवे इथे पावसाळा संपता संपता पानाच्या आकाराचा यकृतातला कृमी निघतो, गोगलगायीमार्फत. त्यातही पापणी फिकी, जबड्याखाली पाणी. त्याच्या कोवळ्या अवस्थेवर अल्बेंडाझोल चालत नाही, ट्रायक्लाबेंडाझोल चालते. भंडाऱ्याला आणि सोलापूरला एकच बाटली पाठवणे म्हणूनच चूक. एका बाजूला मान वाकवून गोल फिरणाऱ्या शेळीच्या मेंदूत कुत्र्याच्या पट्टकृमीची पिशवी असू शकते. तिथे औषध कुत्र्याला हवे, आणि मेलेल्या शेळी-मेंढीचे डोके कुत्र्यांपुढे टाकणे थांबवायला हवे.

कोणते औषध अजून चालते हे प्रत्येक तालुक्यात तपासता येते, आणि मोहिमेच्या खरेदीआधी ते झालेच पाहिजे. एका गावातल्या दहा-पंधरा शेळ्या निवडा, ज्यांना आठ-दहा आठवड्यांत औषध दिलेले नाही. लेंडी गुदद्वारातून, हातमोजा घालून काढा; जमिनीवरची नको, तिच्यात मातीतले दुसरेच कृमी निघतात. काट्यावर वजन करून पूर्ण मात्रा द्या. चौदाव्या दिवशी त्याच शेळ्यांची लेंडी पुन्हा. मोजणी साधी : ४ ग्रॅम लेंडी, ५६ मिली मिठाचे संपृक्त पाणी, गाळून मॅकमास्टर काचेच्या (अंडी मोजायच्या आखीव काचेच्या) दोन्ही कप्प्यांत, दिसलेली अंडी गुणिले ५० म्हणजे एका ग्रॅममधली अंडी. मीठ स्वयंपाकघरातले चालते, लिटरभर कोमट पाण्यात ४०० ग्रॅम, तळाशी थोडे न विरघळता राहीपर्यंत. आधी सरासरी १२०० आणि नंतर ३०० आली तर घट ७५ टक्के. ९५ टक्क्यांच्या खाली घट असेल तर त्या औषधाचे दिवस त्या गावात भरले. यकृतकृमीची अंडी मिठात तरंगत नाहीत, ती साध्या पाण्यात तळाशी बसवून पाहावी लागतात. हे लिहायचे कारण, ‘तपासणीत काही नाही’ असा शेरा अशाच चुकीच्या पद्धतीमुळे येतो.

महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाची मुंबई, नागपूर, परभणी, उदगीर आणि शिरवळ इथे पशुवैद्यकीय महाविद्यालये आहेत, परजीवीशास्त्राचे शिक्षक आहेत, विद्यार्थी आहेत. तालुक्यामागे एक गाव वाटून घेतले तर खरेदीच्या आदेशाआधी निकाल हातात येतील.

बाजारातून आलेली नवी शेळी हे दुसरे दार. परजिल्ह्यातला, औषधाला न जुमानणारा जंत तिच्याच पोटातून येतो. शेळीवाटप योजनेतल्या दहा शेळ्या आणि एका बोकडाचे वाटप होते तेव्हा ती जनावरे दोन वेगळ्या गटांची औषधे पूर्ण मात्रेत देऊन, दोन दिवस दावणीलाच ठेवून, चौदा दिवसांनी लेंडी तपासूनच लाभार्थ्याच्या कळपात मिसळावीत. ती दोन दिवसांची लेंडी रानात नको, खड्ड्यात जाऊ द्या.

प्रचाराच्या पत्रकात औषधाइतकीच जागा चरण्याला द्यावी. अळी बहुतेक जमिनीपासून बोटभर, चार-पाच सेंटिमीटर उंचीपर्यंत असते. बोर, बाभूळ, शेवरीचा पाला खाणाऱ्या शेळीला जंत कमी, खुरटे गवत ओरबाडणारीला जास्त. दव उतरल्यावर कळप सोडावा. चारा गव्हाणीत किंवा टांगून, पाण्याचे भांडे लेंड्या पडणार नाहीत इतके उंच. एका पावसाळ्यात तीन-तीनदा औषध लागलेल्या शेळीची करडे पैदाशीला ठेवू नयेत. कानातल्या १२ अंकी बिल्ल्याचे शेवटचे चार आकडे आणि पापणीचा क्रमांक एवढी नोंद ठेवली तरी अशी शेळी कळते. बोकडालाही हाच नियम. मोरचुदाचे पाणी पाजण्याचा जुना उपाय अजून कुठे कुठे चालतो. तांब्याची विषबाधा होते, तो थांबवावा.

लसीकरणाशी सांगड घालताना आंत्रविषाराच्या लशीआधी आठ-दहा दिवस पापणी पाहणे उरकावे. दोन्ही एकाच सकाळी ठेवले की घाईत पाच मिलीच होते.

शेवटी एक अगदी किरकोळ वाटणारी मागणी. लेंडीचा नमुना प्रयोगशाळेत चोवीस तासांत पोहोचला पाहिजे, नाहीतर अंडी उबतात आणि मोजणीला काही उरत नाही. पिशवीतली हवा दाबून काढावी, नमुना थंड ठेवावा, पण बर्फाच्या कप्प्यात गोठवू नये. आज तालुक्याच्या दवाखान्यातून जिल्ह्याला नमुने जायचे तर ते शिपायाच्या सवडीने जातात. आठवड्यातून दोन वार ठरवून द्या, सोमवार आणि बुधवार, म्हणजे शनिवार-रविवार मध्ये येणार नाही. थंड डबा आणि एसटीचे पार्सल भाडे दवाखान्याच्या सादिल (किरकोळ) खर्चातून मंजूर करा. निकाल मालकाच्या मोबाइलवर, शेळीच्या बिल्ल्याच्या आकड्यासह पाठवा. आणि या वर्षीच्या मागणीपत्रात बाटल्यांच्या रकान्याच्या वर एक ओळ वाढवा : लटकता काटा, ५० किलो, प्रत्येक दवाखान्याला दोन नग.

कळावे,

शेळ्या पाळणारे, पशुसखी आणि पशुधन पर्यवेक्षक, आम्ही काही जण